पितृपक्षातली फी

तारीख १८ सप्टेंबर, बुधवार. रक्कम चौदा हजार पाउंड, म्हणजे बँकेच्या त्या दिवशीच्या १११ रुपये ८० पैसे या भावाने पंधरा लाख पासष्ट हजार दोनशे रुपये. हजर माणसं पाच: माझा मोठा भाऊ, वहिनी, माझी बायको, मी आणि माझी मुलगी, जिची ती फी होती. जागा, भावाच्या घरातली बैठक. हे आधी लिहून ठेवतो, कारण नंतर आमच्या नात्यात ज्याने त्याने ही गोष्ट आपापल्या सोयीने सांगितली आणि प्रत्येकाच्या सांगण्यात रक्कम वेगळी होती.

मुलीने जबलपूरलाच बी.कॉम. केलं. मग दोन वर्षं नोकरी करत अभ्यास केला आणि विलायतेतल्या एका विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळवला. विषय आंतरराष्ट्रीय वित्तीय बाजार. मी रिछाईतल्या एका कारखान्यात हिशेब सांभाळतो. मला त्या विषयाचं नाव समजायलाच आठवडा गेला. अर्धी फी मी माझ्या भविष्य निर्वाह निधीतून काढून आधी भरली होती. उरलेली २७ सप्टेंबरपर्यंत भरायची होती. उशीर झाला तर दीडशे पाउंड दंड, आणि ४ ऑक्टोबरपर्यंतही भरली नाही तर नाव कमी. नाव कमी झालं की व्हिसाही जातो आणि मुलगी परत.

पैसे नव्हते असं नाही. चिडण्याची गोष्ट हीच आहे. पनागरची वडिलांची जमीन आम्ही मार्चमध्ये विकली. चौतीस लाख आले ते दोघा भावांच्या संयुक्त खात्यात आले. निम्मे माझे, हे दादालाही मान्य होतं. पण वाटणी दिवाळीनंतर करू असं तो म्हणाला, मी हो म्हणालो, आणि तोवर त्या खात्यातून एक रुपया काढायचा तरी दोघांच्या सह्या लागत होत्या.

"सही मी काहून नाही करणार?" दादा म्हणाला. तो नुकताच तर्पण करून उठला होता. "पण आज प्रतिपदा. पितृपक्ष लागला. कालपर्यंत काहून नाही आलास?"

"कालपर्यंत गणपती होते. विसर्जन होऊ दे, मग बघू, असं तूच म्हणालास."

"तेच तर. आता घटस्थापनेला करू."

"घटस्थापना तीन तारखेला आहे, दादा. मुदत सत्तावीसची आहे."

"दंड किती?"

"सोळा-सतरा हजार."

"अच्छा. म्हणजे सतरा हजारासाठी बाबांच्या पंधरवड्यात बाबांची जमीन देशाबाहेर धाडायची."

असं बोललं की समोरच्याला उत्तर देता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी मी म्हणालो, "बावीस तारखेला ती परदेशी जायला निघणार आहे. ते चालतं?"

"तिकीट तुम्ही मला न विचारता काढलं. ते तुमच्या माथी."

विद्यापीठाने जुलैतच वाचायच्या पुस्तकांची यादी पाठवली होती आणि मुलीने ती घरी जेवणाच्या टेबलावर पसरून वाचून काढली होती. पहिलं प्रकरण परकीय चलनाच्या बाजाराचं. संध्याकाळी कारखान्यातून आलो की ती मला ते समजावून सांगायची आणि मी आकडे तपासायचो. त्यामुळे ती आता काय बोलणार हे मला माहीत होतं.

"मोठेबाबा, पैसे आज मत भेजो," ती म्हणाली. तिचं मराठी असंच आहे, अर्ध्या वाटेवर हिंदीत उतरतं. "दंड भरू आपण. पैसे घटस्थापनेलाच जाऊ द्या. आज फक्त भाव बांधून ठेवू. बँक वायदा करार करून देते. पाउंड वर जाओ की नीचे, आपल्याला आजच्या ठरलेल्या भावाने मिळतील. पनागरला मटरचं करतात ना? शेंगा यायच्या आधीच व्यापाऱ्याशी भाव पक्का करतात. माल बाद में, पैसे बाद में."

दादा लक्ष देऊन ऐकत होता. "म्हणजे आज जबान द्यायची."

"हो."

"मग मागे फिरता येते का?"

"नाही. करार म्हणजे करार."

"मग ती सुपारी फुटली, बेटा. लग्न पुढे लागते, पण सोयरीक तर आजच झाली ना? पितृपक्षात सुपारी कोण फोडते?"

वहिनी हसली. माझी मुलगीही हसली, आणि म्हणाली, "मोठेबाबा, किताब में भी यही लिखा है." मला हसू आलं नाही. मी म्हणालो, निदान अर्धे तरी आज पाठवू. दादा म्हणाला, "अर्धं श्राद्ध करतात का कुठे?" आणि वर आणखी, "सट्टाच शिकायचा होता तर बडा फुहाऱ्याच्या बाजारात एखाद्या गादीवर बसवायचं होतं तिला. फी नाही, वर चहा मिळाला असता."

मी उठलो. चहा तसाच ठेवला.

घराचं कुलूप काढताना बायको म्हणाली, "माझ्या पाटल्या ठेवा."

"पाटल्यांवर साडेचार लाख मिळतील. लागतात साडेपंधरा. आणि माझे सतरा लाख बँकेत असताना तुझ्या पाटल्या काहून ठेवू?"

"मग भावाशी भांडा. माझ्यावर काहून ओरडून राहिले?"

ती बरोबर होती. पण भांडायचं कसं? दादा पैसे खाणारा माणूस नाही. सरकारी फॅक्टरीत छत्तीस वर्षं नोकरी केली, एका बोल्टचीही चोरी नाही. वडिलांच्या आजारपणात त्याने जे केलं ते मी केलं नाही. चोराला चोर म्हणता येतं. या माणसाला काय म्हणू? त्याने नाही म्हटलंच नव्हतं. तो फक्त थांबायला सांगत होता, आणि थांबण्याची किंमत त्याच्या खिशातून जात नव्हती.

बावीसला मुलगी गेली. दादा स्टेशनवर आला. तिच्या हातात दही-साखर ठेवली आणि म्हणाला, "सांभाळून राहजो." दिल्लीची गाडी सुटली आणि तो डोळे पुसत होता. मला त्याचाही राग आला.

वडिलांची तिथी नवमीची. त्या दिवशी दादाकडे जेवायला गेलो. मी गेलोच नाही असं पुढे कोणी म्हणू नये. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं वडिलांना आवडायचं तसं. हात धुताना मी मोबाईलवर भाव पाहिला. ११३ रुपये २० पैसे. दादाला दाखवला.

"चढला," तो म्हणाला.

"चौदा हजाराने गुण. साडेएकोणीस हजाराच्या वर झाला फरक. आठ दिवसांत."

"उतरेलही."

"आणि नाही उतरला तर?"

"तर बाबा बघतील," तो म्हणाला, आणि पंगतीत वाढायला गेला.

मी जेवलो. वडील माझेही होते. पण एकही घास गोड लागला नाही.

सत्तावीस तारीख गेली. विद्यापीठाची ईमेल आली, दीडशे पाउंड लागले. दोन ऑक्टोबरला सर्वपित्री आणि गांधी जयंती एकत्र आली, बँक बंद. म्हणजे हातात तीन तारीख एवढी एकच राहिली. परदेशी पैसे पोचायला दोन दिवस लागतात. बँकेतली बाई मला म्हणाली होती की पैसे पाठवल्याचा कागद त्याच दिवशी विद्यापीठाला ईमेल केला तर बहुतेक विद्यापीठं धरतात. बहुतेक. त्या शब्दावर माझ्या मुलीचं एम.एस्सी. टांगलेलं होतं.

तीन तारखेला मी साडेदहाला बँकेत होतो. दादा घट बसवून येणार होता. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. फोन केला तर वहिनी म्हणाली, "आरती चालून राहिली." पावणेबाराला तो आला. नवं सोवळं, कपाळाला कुंकू, हातात प्रसादाची पुडी. बँकेतल्या बाईला आधी प्रसाद दिला, मग खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि चार ठिकाणी सही केली. मिनिटभराचं काम. एवढ्यासाठी पंधरा दिवस.

भाव ११३ रुपये ७० पैसे. दंडासकट चौदा हजार एकशे पन्नास पाउंडांचे सोळा लाख आठ हजार आठशे पंचावन्न रुपये. सरकारी कर वेगळा कापला. तो पुढे विवरणपत्रात वळता होतो, म्हणून इथे धरत नाही. चार तारखेला संध्याकाळी मुलीचा फोन आला: कागद धरला, नाव राहिलं. त्याच फोनवर, बायकोने खोदून विचारल्यावर, कळलं की तीस तारखेला वर्ग सुरू झाले तेव्हापासून फी बाकी म्हणून तिला ओळखपत्र दिलं नव्हतं. ग्रंथालयाचं दार कार्डाशिवाय उघडत नाही. वर्गांच्या इमारतीचंही नाही. चार दिवस ती दुसऱ्या कोणाच्या मागोमाग आत शिरत होती, आणि एकदा तिला अडवून बाहेर काढलं.

"पहिलं लेक्चर कसलं होतं?" मी विचारलं.

"फॉरेन एक्स्चेंज," ती म्हणाली. "बाहेर बसून स्लाइड्स वाचल्या, बाबा. घरी वाचलं होतं ना, समझ में आ गया."

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. भावातला फरक, चौदा हजार पाउंडांवर एक रुपया नव्वद पैसे, म्हणजे सव्वीस हजार सहाशे. दंड, त्या दिवशीच्या भावाने, सतरा हजार पंचावन्न. एकूण त्रेचाळीस हजार सहाशे पंचावन्न. दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तेव्हा आपट्याच्या पानाबरोबर तो कागदही दादाच्या हातात ठेवला.

त्याने चष्मा लावून वाचला. "हे मी द्यायचे?"

"तुझ्या सहीमुळे लागले. वाटणी होईल तेव्हा तुझ्या हिश्श्यातून कमी कर."

"एक सांग. भाव उतरला असता, एकशेनऊवर आला असता, तर वाचलेले पैसे तू मला आणून दिले असते?"

असा प्रश्न येईल हे मला सुचलंच नव्हतं.

"तिलाच विचार," तो म्हणाला. "तीच शिकून राहिली ना हे सगळं? लाव फोन. स्पीकरवर लाव."

मी लावला. मला खात्री होती. ती ग्रंथालयातून बाहेर आली, दोघांचं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "बाबा, मोठेबाबा सही बोल रहे हैं."

"काय?"

"भाव चढणार हे मला कुठे माहीत होतं? मी चढेल म्हणून सांगतच नव्हते. आपले किती जातील हे पहले से पता हो, म्हणून बांधून ठेवा म्हणत होते. उतरला असता तर फायदा आपण ठेवला असता. मग चढल्यावरचं नुकसान त्यांच्यावर कसं टाकायचं? ते बाजाराचं आहे."

"तू तिथे शिकायला गेलीस की यांची वकिली करायला?"

"सुनो तो. दंड वेगळा आहे. तो आधीच लिहिलेला होता. तारीख माहीत होती, रक्कम माहीत होती, थांबलो तर लागणारच होता. तो मोठेबाबांनी समजून-उमजून घेतला. दंड त्यांचा."

दादा म्हणाला, "चलो. हे मान्य."

माझ्या पोरीने मला माझ्याच भावासमोर खोटं पाडलं आणि तो चष्मा पुसत हसत होता. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. रिछाईला माझ्या टेबलावर बसून तिचं म्हणणं उलटसुलट करून पाहिलं, भाव चढवून पाहिला, उतरवून पाहिला. कुठेही चूक सापडली नाही. तिसऱ्या दिवशी फोन करून तिला तसं सांगितलं. पण म्हणून राग गेला असं नाही. कार्डाविना दाराबाहेरचे ते चार दिवस कोणाच्या नावावर लिहायचे, हे मी तिला विचारलं नाही. दादालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो रडला असता, आणि मला पुन्हा समजूत घालत बसावं लागलं असतं.

वाटणी आम्ही दिवाळीची वाट न बघता त्याच महिन्यात केली. दादाने दंडाचा चेक स्वतःच्या पेन्शनच्या खात्यातून दिला, माझ्या नाही, माझ्या मुलीच्या नावावर. रक्कम सतरा हजार एकशे एक. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "पोरीला देताना वर एक नको?" दंड सतरा हजार पंचावन्न होता, तो तिला मिळाला. भावातल्या फरकाचे सव्वीस हजार सहाशे माझे गेले, ते बाजाराला. जास्तीचे सेहेचाळीस रुपये मी परत द्यायला गेलो. दादाने हात पुढे केला नाही, म्हणून वहिनीच्या हातात मोजून दिले.