कप्तानांचे हात

माझ्या थोरल्या जाऊबाई वृद्धाश्रमात आया आहेत. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांचा वॉर्ड त्यांच्याकडे असतो. स्वतःच्या मुलांना घातलं नसेल एवढं न्हाऊमाखू त्यांनी परक्यांच्या आईवडिलांना घातलंय. वॉर्डात शिरताना मनातल्या मनात देवाचं नाव घेतात, तेवढीच त्यांची पूजा. कुणी चावलं, कुणी थुंकलं, की घरी येऊन त्याची हुबेहूब नक्कल करतात आणि आमची हसून मुरकुंडी वळते. कप्तानांची नक्कल मात्र त्यांनी कधी केली नाही.

कप्तान हे खरे कप्तान नव्हेत. जन्मभर जहाजाच्या इंजिनखोलीत तेलपाणी केलेला माणूस. नाव आयांनीच ठेवलेलं. बोलणं बंद होऊन वर्ष उलटलं होतं, पण हात काही थांबत नसत. पलंगाच्या काठावर बसून हवेत फिरवत राहायचे. एक हात आडवा, दुसरा त्याच्याखालून वर, मग थाप, मग पुन्हा तेच. म्हातारा दोर गुंडाळतोय, असं सगळे म्हणायचे. शेवटी पुढे वाकून काहीतरी जड असल्यासारखं अलगद जमिनीवर टेकवायचे, त्यावर दोन बोटं धरायचे आणि वाट बघायचे. नंतर पुन्हा पहिल्यापासून.

हात चाळवणाऱ्या माणसाला सदरा घालायचा तर आधी त्याचं मनगट धरायचं, ही त्या वॉर्डाची रीत. नव्या आयेला पहिल्याच दिवशी हे शिकवतात. जाऊबाईंनी तेच केलं. कप्तानांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा हात नुसता वळला आणि जाऊबाईंचं डावं मनगट काटकीसारखं मोडलं.

प्लास्टर निघेपर्यंत दुसऱ्या एका आयेचा खांदाही निखळला. डॉक्टर भला माणूस, पण त्याला सगळ्यांचाच जीव सांभाळायचा होता. कप्तानांचे हात पट्ट्यांनी पलंगाला बांधायचे ठरलं. जाऊबाई म्हणाल्या, थोडं थांबा. डॉक्टर म्हणाला, मनगट तुमचं मोडलंय, तेव्हा सोमवारी मी आलो की तुम्हीच काय ते सांगा. जाऊबाईंनी बांधलेली माणसं पाहिली होती. आधी पाठ सोलते, मग ती जेवण सोडतात, आणि मग फार दिवस काढत नाहीत. त्यांना कप्तानांची भीती वाटत होती, आणि कप्तानांसाठीही वाटत होती. दोन्हींपायी झोप उडाली होती.

त्याच रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये फिलिपिनो युद्धकलेचं शिबिर होतं. मेट्रनने आयांची नावं घालून टाकली, निदान स्वतःला सोडवून घ्यायला तरी शिका म्हणून. जाऊबाईंच्या सोबतीला मी गेले. वाटेत त्या म्हणाल्या, तुझ्या भाऊजींना सांगू नकोस हं, आजपासून उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपतील.

शिकवणारे मास्तर बुटके, हळू बोलणारे. आधी वेताच्या काठ्या दिल्या. मग काठ्या भिंतीशी ठेवायला लावल्या आणि म्हणाले, हातातली काठी गेली तरी हाताची वाट तीच राहते. समोरच्याचा वार आडव्या हातावर घ्यायचा, खालून दुसरा हात घालून तो बाजूला सारायचा, थाप देऊन दाबायचा आणि आपला वार परत करायचा. समोरचाही तेच करणार. हे न थांबता चालू ठेवायचं. कुणी मनगट धरलं तर ओढाओढ करायची नाही, त्याच्या अंगठ्याच्या बाजूने वळायचं.

जाऊबाई माझ्यासमोर उभ्या होत्या. डावा हात पोटाशी धरून एकट्या उजव्याने करत होत्या. सुरुवातीला आम्हाला हसू आवरेना. मग हात लयीत आले. आडवा, खालून, थाप. आडवा, खालून, थाप. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, तरी हात चालूच होता.

शेवटी मास्तरांनी जोडीदाराला पाडायचं दाखवलं. मानेला हात घालून वळवायचं आणि डोकं आपटू नये म्हणून तळहातावर घेऊन खाली टेकवायचं. "हे टेकवणं फक्त इथं," ते म्हणाले. "खऱ्या मारामारीत कुणी डोक्याखाली हात देत नाही."

जाऊबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या. मी पाणी दिलं ते हातातच राहिलं.

"कप्तान दोर नाही गं गुंडाळत, हेच करतात. जहाजावर कुणा फिलिपिनो खलाशाकडून शिकले असणार," त्या म्हणाल्या. "आणि ते शेवटी खाली ठेवतात ना, ते माणूस आहे."

दोन बोटांचं तर मलाही विचारावं लागलं नाही. कुणी म्हातारं सकाळी फार वेळ निपचित पडलं, की आया त्याच्या नाकाशी तशीच दोन बोटं धरतात.

सोमवारी दुपारी, डॉक्टर यायच्या आधी, जाऊबाई मला घेऊनच वॉर्डात गेल्या. जेवणं उरकून सगळे पेंगत होते. मला दारात उभं केलं आणि काही झालं तरी ओरडायचं नाही, असं बजावलं. पट्ट्या पायथ्याशी घडी करून ठेवलेल्या होत्या. कप्तानांचे हात हवेत फिरत होते. जाऊबाईंनी समोर स्टूल ओढलं, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, डावा हात मांडीवर ठेवला आणि उजवा त्या फिरणाऱ्या हातांत घातला.

मोडलं काहीच नाही. कप्तानांच्या हातांनी तो हात घेतला, सारला, थाप दिली, परत केला. इतक्या हळुवारपणे, की लहान मुलाला शिकवताहेत असं वाटावं. चप्. आणि लगेच मागोमाग, चप्.

आवाज दोन येत होते. आधी मला वाटलं, वॉर्ड मोठा आहे, घुमत असेल. मग नीट पाहिलं. कप्तान दोन्ही बाजूंचे वार घेत होते. उजवीकडचा वार जाऊबाईंचा. डावीकडे मात्र जाऊबाईंचा हात मांडीवर पडून होता, आणि तिथेही कप्तानांचा तळहात काहीतरी दाबत होता. हवेवर मारल्याचा आवाज तसा येत नाही. तो कातडीवर कातडी लागल्याचा आवाज होता, आणि कातडी ओली असावी. मी रामरक्षा म्हणायला लागले, तर शब्द आठवेनात.

मग कप्तानांनी जाऊबाईंच्या मानेला हात घातला. जाऊबाईंनी अंग सैल सोडलं. त्या स्टुलावरून वळल्या, खाली आल्या, आणि त्यांचं डोकं कप्तानांच्या तळहातावरून फरशीला टेकलं. कप्तान पलंगावरून उतरून गुडघ्यांवर बसले. त्यांनी दोन बोटं जाऊबाईंच्या नाकाशी धरली आणि ते वाट बघू लागले.

"श्वास आहे," कप्तान म्हणाले.

वर्षभराने फुटलेला आवाज तो, गंजलेल्या कडीसारखा. जाऊबाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, "आहे, बाबा."

मला वाटलं, संपलं. पण कप्तानांचा हात उचलला गेला आणि जाऊबाईंच्या डावीकडे, नुसत्या फरशीच्या वर, तेवढ्याच उंचीवर जाऊन थांबला. दोन बोटं. तिथे ते फार वेळ थांबले. मग त्यांनी बोटं मिटली, त्या जागेला हात जोडले, आणि आपल्या आपण पलंगावर चढून भिंतीकडे तोंड करून झोपले. हात छातीशी, अगदी स्थिर.

डॉक्टर आला तेव्हा जाऊबाईंनी एवढंच सांगितलं, की मनगट कुणी धरायचं नाही आणि बांधायची गरज नाही. डॉक्टरने झोपलेल्या हातांकडे पाहिलं आणि पट्ट्या कपाटात ठेवायला सांगितल्या. त्या अजून तिथेच आहेत. समुद्रावर काय झालं, हे कप्तानांना कुणी विचारलं नाही, आणि त्यानंतर ते बोललेही नाहीत.

हात अजून कधीमधी दुपारचे सुरू होतात. मग जाऊबाई हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर जाऊन बसतात. परवा मी डबा द्यायला गेले तेव्हा पाहिलं. आता मनगट पुरतं बरं झालंय, तरी डावा हात त्या मांडीवरच ठेवतात. आणि बसण्याआधी स्टूल जरा उजवीकडे सरकवतात, शेजारी आणखी एकाला बसता येईल एवढं.