रेशनकार्डावरचं माझं नाव

मुरब्याहून जर्मनीला निघाले तेव्हा दुपार होती आणि आई बांबूच्या वलांडीच्या दोरीवर बोंबील वाळत घालत होती. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचं काम तिने थांबवलं नाही. "जा बाय. हात मासळीचं हायत, नायतर जवळ घेतली असती," एवढंच म्हणाली. मला राग आला. हात धुता आले असते.

जर्मन मी बोईसरच्या क्लासात शिकले, नर्सची ड्यूटी सांभाळून. या भाषेत ‘भारतीय’चं शेपूट सारखं बदलतं. पासपोर्ट असेल तर इंडिशर, नर्स असेल तर इंडिशे, जेवण असेल तर इंडिशेस. वर्गातले बाकीचे वैतागायचे. मला सोपं गेलं. आपण काळा, काळी, काळं म्हणतोच की. इथे येऊन आता आठ वर्षं झाली, शेपटं आपोआप लागतात. गेल्या वर्षी मात्र अख्खं विशेषणच बदललं आणि मी डॉइचे, म्हणजे जर्मन, झाले. इथेच राहायचं हे ठरलं होतं. भारताचा पासपोर्ट परत केला, पण आईला सांगायचा धीर पाच महिने झाला नाही.

त्यातच रेशन दुकानदाराचा निरोप आला: कार्डावरच्या प्रत्येकाने अंगठा द्यायचा. लग्न झालं की मुलीचं नाव कार्डावरून कमी करतात. माझं लग्न झालेलं नाही, म्हणून आईने ते तसंच ठेवलं होतं. "सुट्टीला येशील तवा दे अंगठा," ती फोनवर म्हणाली. मी व्हिसा काढून गेले आणि पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं की मी आता तिकडची झाले, नाव काढावं लागेल. ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी पालघरच्या तहसील कार्यालयात गेलो. कारकुनाने नाव कमी करायचं कारण विचारलं: मृत्यू, लग्न की स्थलांतर? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "लगन लिवा, साहेब."

"अगं, माझं लग्न कुठे झालंय?"

"नाय झाला. पन लगन झालेली पोर सनाला माहेरी येते. ते तिसरं लिवलं तर कोन येतं?"

कारकुनाने नियमाप्रमाणे स्थलांतर लिहिलं. आईने खाली सही केली, हळूहळू, एकेक अक्षर. मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी मुरब्याला घर म्हणत नाही. यंदा नारळी पुनवेसाठी रजा टाकली आहे. सहकारणीने कुठे चाललीस म्हणून विचारलं, तर जर्मनमध्ये शब्द सापडेना. शेवटी मराठीतच म्हणाले, माहेरी.