मळीची टिपाडं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मेहुण्याच्या गोठ्यावरून हे सगळं सुरू झालं त्यालाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझे कुणी लागत नाही म्हणून. फक्त ऐकताना माझी कीव करू नका — ती मला सहन होत नाही.

मी सिव्हिल इंजिनिअर. नव्वदच्या दशकात बारामतीत माझं छोटं ऑफिस होतं. घरांचे नकाशे काढायचो, पण नाव झालं ते वेगळ्याच कामामुळं. कुठं स्लॅबला तडे गेले, कुठं बाल्कनी खाली आली, की मला बोलावणं यायचं. हातोड्यानं ठोकून आवाज ऐकायचा, काँक्रीटचा तुकडा फोडून बघायचा आणि दोष कुणाचा ते सांगायचं. साहेब बोलले म्हणजे विषय संपला, असं लोक म्हणायचे. ते ऐकून मी फुगायचो.

सोपान मिस्त्री मला आवडायचा नाही. आजही आवडत नाही — तो बरोबर होता म्हणून माणूस गोड होत नाही. डाळज गावचा. बाप मेंढरं राखायचा, हा गवंडीकामात शिरला. तोंडाचा फाटका, आणि इंजिनिअर म्हणजे फुकट खाणारी जमात, असं उघड बोलणारा.

पिंपळीत आबांचा बंगला चालला होता. आबा म्हणजे गावातले मोठे बागायतदार. नकाशा माझा, काम सोपानचं. स्लॅबच्या दिवशी नारळ फुटला, आबांनी सोपानला टॉवेल-टोपी दिली, मागं मटणाची चूल पेटली. मी सळ्या बघायला वर चढलो, तर हा भर गर्दीत म्हणाला, "साहेब, तुमी सावलीला बसा. ऊन लागंल. स्लॅब आमी टाकतो."

सगळे हसले. आबासुद्धा.

निम्मा स्लॅब झाला आणि लाईट गेली. विहिरीवरची मोटार बंद, हौदाचा तळ दिसायला लागला. स्लॅब असा मध्येच सोडता येत नाही. सोपाननं माझ्याकडं बघितलं. "आता काढा की पाणी, तुमच्या नकाशातनं."

पुन्हा हशा. मग मला राहवलं नाही — दाखवतोच याला! ट्रॅक्टर घेतला आणि जवळच मेहुण्याचा गोठा होता, तिथं गेलो. तिथं मोठाल्या ड्रमसारखी लोखंडी टिपाडं पडलेली होती. जनावरांच्या खाद्यात मिसळायला तो साखर कारखान्यातून मळी आणायचा, ती साखरेची काळी काकवीसारखी मळी, तिची रिकामी टिपाडं. तळाशी चिकट थर होता. साखर पोटात गेली की सिमेंट आवळत नाही, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. मला ते आठवलं नाही का? आठवलं. पण धुण्यात वेळ गेला असता, आणि मला सोपानचं पडलेलं तोंड बघायची घाई होती. तशीच कालव्यावर भरून आणली. आबांनी माझी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी त्या पाण्यानं झालेल्या बाजूच्या स्लॅबमध्ये माझं नख रुतलं. रात्रीची थंडी आहे, वेळ लागतो, असं मी स्वतःलाच सांगितलं आणि घरी निघून गेलो.

ठरल्या वेळी टेकू काढायला घेतले, तेव्हा तो अर्धा भाग खाली आला. खाली सोपानचा धाकटा भाऊ दगडू होता. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

आता दोष शोधायला आबांनी कुणाला बोलवावं? मलाच. सगळा गाव जमला. मी हातोडा मारला. विहिरीच्या पाण्यानं झालेला भाग खणखणीत वाजला, पडलेल्या भागातून भद्द आवाज आला. ढेकूळ मुठीत दाबलं तर भुगा झाला. आणि कोपऱ्यात ती टिपाडं अजून तशीच पडून होती — त्यांच्या काठांवर मुंग्यांची रांग लागली होती. मी त्या बघितल्या. दुसऱ्या कुणी बघायच्या आत टिपाडांसमोर पाठ करून उभा राहिलो.

म्हणालो, "मिस्त्रीनं पाणी जास्त घातलंय. माल पातळ केला की हात कमी दुखतात ना."

"खोटं हाय!" सोपान माझ्या अंगावर धावून आला. लोकांनी त्याला धरला, आणि मग नुसता धरला नाही. त्याची टोपी मातीत पडली. मला वाईट वाटलं असेल, असं तुम्हाला वाटतंय? नाही. मला बरं वाटलं. टिपाडं मी त्याच संध्याकाळी गोठ्यावर पोचती केली.

त्यानंतर सोपानला कुणी भिंतसुद्धा बांधायला दिली नाही. काही वर्षांनी इंदापूरच्या बाजारात मी ट्रकपाशी उभा होतो, तर पोती उतरवणारा एक हमाल समोर येऊन थांबला. सोपान होता. तो आता शिव्या देईल म्हणून मी अंग आवळलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं — त्याच्याशी भांडायला मी कायम तयार होतो.

पण तो खालच्या आवाजात बोलला. "साहेब, लई इचार केला. त्या दिशी पोरांनी बादली-दोन बादल्या जादा वतल्या असत्याल. मी तरी कुठं समद्यांकडं बघत हुतो? तुमचंच खरं असंल. दगडूचा पाय माझ्यामुळंच गेला, न्हवं?"

हे तो टोमणा म्हणून बोलत नव्हता. त्याला खरंच माझ्याकडून ऐकायचं होतं. आजूबाजूला आमच्याकडं बघणारं कुणी नव्हतं. आबा नव्हते, गाव नव्हता, हसणारं कुणी नव्हतं. मी 'नाही' म्हणालो असतो तरी माझं काही बिघडणार नव्हतं.

"हो, मिस्त्री," मी म्हणालो, "तुमच्यामुळंच."

त्यानं मान डोलावली आणि पुढचं पोतं पाठीवर घेतलं.