व्यवसाय : गृहिणी

विभागात तिला सगळे फुंकणी म्हणत. तोंडावर नाही म्हणत, पण तिला ठाऊक होतं. शरीरक्रियाशास्त्राच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ती दिवसभर बायकांना एका नळीत फुंकायला लावी. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, छाती भरून श्वास, आणि मग हिचा आवाज चढायचा, "फुंका, फुंका, फुंका, अजून, सोडू नका, अजून." खालच्या वर्गात तास चालू असला की शिकवणारे सर छताकडे बघत आणि पोरं खिदळत.

संशोधन होतं रस्ते झाडणाऱ्या बायकांच्या फुफ्फुसांवर. चाळीस झाडणाऱ्या, चाळीस न झाडणाऱ्या. वय आणि उंची जुळवायची, पहिल्या सेकंदाला छातीतून किती हवा बाहेर पडते ते मोजायचं, आणि दोन्ही गटांचे आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या कुणालाही जे डोळ्यांनी दिसतं, ते सिद्ध करायला चार वर्षं घालवायची. घालवावीच लागतात, कारण खुर्चीवरच्या साहेबाला बाईचा खोकला ऐकू येत नाही, आलेख तेवढा दिसतो.

फुंकणी स्वतः झाडणाऱ्या बाईची लेक. विभागात हे कुणाला म्हणजे कुणाला माहीत नव्हतं. ती दहा वर्षांची असताना वर्गशिक्षिकेने सगळ्यांचे फॉर्म मोठ्याने वाचले होते, तेव्हापासून आईच्या व्यवसायाच्या रकान्यात ती 'गृहिणी' लिहीत आली. पुढे फॉर्म कुणी मोठ्याने वाचत नव्हतं, तरी हात तेच लिहायचा. परिषदांमध्ये मात्र तिची जीभ सुटायची. "या महिला", "हा वर्ग", "यांची परिस्थिती". पडद्यावर झाडूचा फोटो यायचा आणि ही त्याच्याकडे असं बोट दाखवायची, जणू झाडू जन्मात पहिल्यांदाच बघतेय. टाळ्या पडायच्या. टाळ्या घेऊन ती खाली बसायची तेव्हा कान तापलेले असायचे, आणि ते कौतुकाने नाही हे तिचं तिला कळायचं.

एके दिवशी ती फाईल घरी विसरली. न झाडणाऱ्या गटात एकोणचाळीस जणी झाल्या होत्या, आणि चाळिसावीने आयत्या वेळी टांग मारली होती. यंत्र तपासून तयार, गाईड मॅडम खोलीतच उभ्या, आणि दारात आई. सकाळची पाळी उरकून, अंघोळ करून, ठेवणीतले कपडे घालून, काखेत फाईल.

प्रयोगशाळेचे काका, म्हणजे तीस वर्षं नळ्या आणि चिमटे सांभाळणारे मदतनीस, एकदम खूश झाले. "या, या. चाळिसाव्या तुम्हीच ना? तुमचीच वाट बघत होतो."

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "ह्या कोण?"

"ओळखीच्या आहेत," फुंकणी म्हणाली. मॅडमची नजर हटेना, म्हणून तिने वर जोडलं, "घरीच असतात."

आईने फाईल टेबलावर ठेवली. लेकीकडे एकदा बघितलं आणि मॅडमना म्हणाली, "हो. घरीच असते."

झालं. आता मागे कसं फिरायचं? फुंकणीने फॉर्म पुढे ओढला. वय, उंची, वजन. व्यवसायाच्या रकान्यापाशी पेन थांबलंसुद्धा नाही. आईने सही केली. सातवी शिकलेली बाई, सही करण्याआधी वाचते. त्या दिवशीही वाचलं तिने.

मग आई स्टुलावर बसली आणि फुंकली. तीनदा फुंकायचं असतं, आणि तीनही वेळा तिने अशी छाती रिकामी केली की मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. तिसऱ्या वेळेनंतर ती बराच वेळ खोकत राहिली. काकांनी पाणी दिलं.

"कसं आलं?" आईने विचारलं.

मॅडम अजून खोलीतच होत्या. "नॉर्मल आहे, मावशी," लेक म्हणाली.

मावशी. सख्ख्या आईला. जिना उतरणाऱ्या आईची पाठ दिसेनाशी झाली तरी तो शब्द फुंकणीच्या तोंडात तसाच, गिळलेल्या गोळीची कडू चव राहते तसा.

दोन महिन्यांनी सगळे आकडे मांडले. झाडणाऱ्या बायकांची सरासरी अपेक्षेपेक्षा पाव हिश्श्याने खाली. हवा तसाच निकाल. मॅडमचं बोट मात्र न झाडणाऱ्यांच्या रांगेत एका ठिपक्यावर थांबलं. तो तळाशी एकटा पडला होता. शंभराच्या जागी अठ्ठावन्न.

"चाळीस नंबर. ही घरी बसणारी बाई तुझ्या झाडणाऱ्यांपेक्षाही खाली कशी?"

मॅडमनी स्वतःच उत्तर काढलं.

"नीट फुंकली नसेल. शेरा मार, 'प्रयत्न अपुरा', आणि काढून टाक. परीक्षक नाहीतर त्यावरच डोकं खाईल."

मॅडम गेल्या. सोपं होतं. दोन शब्द लिहायचे, आई यादीतून जाणार आणि खोटंही सोबत जाणार. तिने शेऱ्यात 'प्रयत्न अपु' इतकं लिहिलं. मग आईचे तीन आलेख उघडले. तिन्ही रेषा एकीवर एक, एकच रेघ तीनदा गिरवावी तशा. येणाऱ्या प्रत्येक बाईला ती स्वतःच सांगायची, अंग चोरून फुंकलं तर रेषा जुळत नाहीत, चोरी सारखी तीनदा करता येत नाही. काका मागे नळ्या पुसत होते. त्यांनी पडद्याकडे बघितलं. "ह्या बाई? ह्यांचा प्रयत्न अपुरा? अहो, ह्यांच्यापुढे माझीच छाती धडधडायला लागली होती."

फुंकणी उठली आणि मॅडमच्या खोलीत गेली. बसली नाही.

"चाळीस नंबर माझी आई आहे. ती रस्ते झाडते. सव्वीस वर्षं."

मॅडमनी चष्मा काढला. फुंकणीला वाटलं, आता सांत्वन होणार, आणि त्या विचारानेच तिचं अंग आक्रसलं. पण मॅडम सांत्वन करणाऱ्यातल्या नव्हत्या.

"व्यवसाय खोटा लिहिलास."

"हो."

"बाकीच्या एकोणचाळीस बायकांचे विचारून लिहिलेस, की कपडे बघून?"

फुंकणीने मनातल्या मनात यादी चाळली. बहुतेकींना विचारलं होतं. बहुतेकींना. दहाबारा जणी तरी अशा, की ठेवणीतले कपडे घालून आल्या आणि हिच्या हाताने सवयीने 'गृहिणी' लिहून टाकलं. आपल्या आईला झाकायला जो शब्द वापरला, तो परक्या बायकांच्या डोक्यावरही टाकून मोकळी झाली होती.

"एकेकीकडे जाऊन विचार," मॅडम म्हणाल्या. "चुकलेलं पुसायचं नाही, शाई लावून झाकायचं नाही. एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिही, तारीख घाल, तू सही कर आणि त्या बाईची सही घे. सुरुवात चाळीस नंबरपासून." मग फाईल मिटता मिटता म्हणाल्या, "तुझ्या आईला मी साधं बसा म्हणाले नव्हते त्या दिवशी. तूही म्हणाली नव्हतीस."

घरी आई कपडे वाळत घालत होती. फुंकणीने फॉर्म पुढे धरला. 'गृहिणी' वर आडवी रेघ, वर 'सफाई कामगार'. आईने हात पुसले, वाचलं.

"आता का बदललंस?"

"चुकलं होतं."

"चुकलं कुठे, लिहिलं होतंस." आईच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मी म्हटलं, असेल काही हिच्या नोकरीचं. पेन आण."

तिने सही केली. मग फुंकणीने दुसरा कागद काढला, आलेखाचा. "आई, तुझा आकडा नॉर्मल नव्हता. अठ्ठावन्न आहे. म्हणजे छाती जवळपास निम्मी चालते. डॉक्टरकडे जायला हवं, आणि धुळीचं काम सुटायला हवं."

आई दोरीला धरून उभी राहिली. "तू नॉर्मल म्हणालीस ना मला?"

"म्हणाले."

"मी बागेच्या पाळीचा अर्ज केला होता. मोठ्या रस्त्यावर दम लागतो म्हणून. बागेत पानंच गोळा करायची असतात." तिने ओला टॉवेल झटकला. "तू नॉर्मल म्हणालीस, तर मला वाटलं आपणच कामचुकारपणा करतोय. मागे घेतला अर्ज."

चार वर्षं फुंकणी ज्या साहेबांना शिव्या घालत होती, त्यांना बाईचा खोकला निदान ऐकू तरी येत नव्हता. हिने दोन हातांच्या अंतरावर बसून ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईबरोबर हजेरी चौकीवर गेली. पत्र्याची खोली, भिंतीला टेकवलेले झाडू, कचऱ्याच्या गाड्या, वीसबावीस बायका. मुकादमाने आलेख उलटासुलटा करून बघितला.

"हे तुम्ही काढलंत, मॅडम?"

"हो. ह्या माझ्या आई."

मुकादमाने आईकडे बघितलं, मग हिच्याकडे, मग परत कागदाकडे. "बागेतली जागा गेली हो दुसरीला. अर्ज मागे घेतला तिने, मी काय करणार? आता पुढच्या वर्षी. कागद ठेवतो, पण साहेब काय म्हणतील ते सांगता येत नाही."

एक उंच बाई जवळ आली. "तू ती फुंकायला लावणारी का गं? माझ्या नणंदेच्या चौकीवर आली होतीस. तिला छापील कागद दिलास, त्यावर तिला गाड्या पुसायचं काम मिळालं."

"हो, आले होते."

"सगळ्या चौक्या केल्यास म्हणे. आमचीच तेवढी राहिली."

प्रबंधात त्याचं उत्तर लिहिलेलं होतं, 'अंतरामुळे वगळली'. चौकी तिच्या घरापासून चालत सात मिनिटांवर होती.

"इथे सगळ्यांनी मला ओळखलं असतं," फुंकणी म्हणाली. "आईमुळे. म्हणून नाही आले."

एकीने तोंडावरचा फडका वर ओढला, दुसरीने झाडूची मूठ आवळून बांधली. उंच बाईला मात्र खरंच कळलं नव्हतं. तिने विचारलं, "ओळखलं असतं तर काय झालं असतं?"

टोमणा असता तर फुंकणीने उलट उत्तर दिलं असतं, तिची जीभ काही कमी तिखट नव्हती. पण तो प्रश्न होता, आणि ती बाई उत्तराची वाट बघत उभी होती.

आई म्हणाली, "चला गं, ऊन चढेल." तिने आपली गाडी ओढली आणि मोठ्या रस्त्याच्या बाजूला वळवली. मागोमाग बाकीच्या निघाल्या. चाकं फुंकणीच्या पायांपाशी येऊन अडली तरी ती तिथेच उभी होती.

"मॅडम," मुकादम म्हणाला, "जरा बाजूला होता का? बायकांना जाऊ द्या."