पुडी केवढ्या पाण्यात?

शेवंताबाई दुसरीपर्यंतच शिकल्या, पण विचारायला कधी लाजल्या नाहीत. राजेगावच्या बसमध्ये कंडक्टरला, बाजारात बियाणेवाल्याला, विहारात भंतेजींनासुद्धा त्या भंडावून सोडत. विचारल्यानं काय जीभ झिजते? आणि पोटची पोर मात्र मूग गिळून बसणारी!

संघमित्रा नर्सिंगला होती. पाच महिन्यांपासून तिचे वर्ग मोबाइलवर भरत. कॅमेरा बंद, आवाज बंद. मॅडमनी "समझ में आया?" विचारलं की चाळीस पोरी "यस मॅम" लिहून आपापल्या कामाला लागत. संघमित्रा तर क्लास लावून केस धुऊन यायची. उद्या हीच गावोगाव लोकांना सुया टोचणार!

त्या मंगळवारी क्लास चालू असतानाच शेजारची रीना धावत आली. कडेवर वर्षाचं लेकरू, जुलाबानं मलूल झालेलं. हातात ओआरएसची पुडी.

"दीदी, हे केवढ्या पाण्यात टाकू?"

"टाक एका गिलासात," संघमित्रा म्हणाली, पण आवाज डळमळला.

"तुले पक्कं मालूम आहे का?" शेवंताबाईंनी विचारलं.

पोरीनं नजर चुकवली. शेवंताबाईंनी मोबाइल उचलला, तिच्याकडूनच आवाजाचं बटण दाबून घेतलं आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "मॅडम, मी संघमित्राची माय. लेकरू जुलाबानं सुकून राह्यलं. पुडी केवढ्या पाण्यात टाकू?"

मॅडम चपापल्या. "ये तो पिछले हफ्ते पढ़ाया था. कौन बताएगा?"

चाळीस नावं, आवाज एकाचाही नाही. शेवंताबाईंना रागही आला आणि भीतीही वाटली.

"पूरा पैकेट, एक लीटर साफ पानी में," शेवटी मॅडमच म्हणाल्या. "गिलास में घोलोगे तो बच्चे की हालत और बिगड़ेगी."

संघमित्राचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं लिटरच्या बाटलीनं पाणी मोजलं, पुडी त्यात विरघळवली. शेवंताबाई लेकराला पाजू लागल्या. चार चमचे पोटात गेले आणि लेकरानं भडाभडा ओकून टाकलं. रीना रडायलाच लागली.

शेवंताबाईंनी मोबाइलकडे हात नेला, पण तो जागेवर नव्हता. संघमित्रानं तो आधीच तोंडाशी धरला होता. "मॅडम, उल्टी कर दी. अब बंद करूँ क्या?"

"बंद मत कीजिए. दस मिनट रुककर फिर धीरे-धीरे दीजिए, माताजी."

"मैं माताजी नहीं, मॅडम," पोरीचा आवाज थरथरत होता, पण मोठा होता. "मैं संघमित्रा. और अस्पताल कब ले जाना, वो भी बताइए."