घरचाच धंदा

"मॅडम, तिला कशाला शिकवताय? तिचा तर घरचाच धंदा हाय तो."

वहिनीसाहेब हसत बोलल्या. हातात माईक नव्हता, तरी हॉलमधल्या सगळ्या बायांना ऐकू गेलं. मी पुढं उभी होते. कमरेला रुपेरी टिकल्यांची ओढणी. टिकल्या वाजायच्या थांबल्या.

बीडच्या एका मंगल कार्यालयात दिवसभराचं बेली डान्सचं शिबिर होतं. फक्त बायकांसाठी. शिकवायला पुण्याहून मॅडम आलेल्या. भरवलं होतं वहिनीसाहेबांनी. त्या आमच्या भागातल्या पुढाऱ्याची बायको. मी एका खाजगी दवाखान्यात नर्स. सोबत माझ्या दोन मैत्रिणी, सुनीता आणि शबाना, त्याच दवाखान्यातल्या. नावं सुनीतानं दिली होती. म्हणाली, "पेशंट उचलून उचलून कंबर गेली. एक दिवस आपल्यासाठी हलवू की."

मी आयुष्यात कधी नाचले नव्हते. हळदीत नाही, शाळेच्या गॅदरिंगला नाही. आईनं शपथ घातलेली. पण हा नाच बाहेरच्या मुलखातला. वाटलं, हा केला तर कोण काय म्हणणार.

पहिलीच हालचाल होती. खांदे हलवायचे नाहीत, फक्त कंबर एका बाजूला सोडायची. बाकीच्यांचं सगळं अंग हलत होतं. मला एका झटक्यात जमलं. मॅडमनी मला पुढं बोलावलं, सगळ्यांना दाखवायला लावलं. "कुठे शिकलीस आधी?" मी म्हणाले, "कुठंच नाही." खरं तेच सांगितलं. तेवढ्यात वहिनीसाहेब बोलल्या.

मॅडमना कळेना. तर वहिनीसाहेबांनी फोड करून सांगितलं, "हिची आई केजकडं लावणीच्या कलाकेंद्रात नाचायची. आमच्या गावात लहानथोर सगळ्यांना म्हाईत हाय."

"अरे वा, म्हणजे लोककलावंत," मॅडम म्हणाल्या. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

सुनीता माझ्याकडं बघत होती. चार वर्षं मी तिला सांगत आले होते की आई शेतात जाते.

तेव्हा मी जे केलं ते लिहायचीही लाज वाटते. मी म्हणाले, "तुमचा गैरसमज झालाय वहिनी. ती माझी आई न्हाई. माझी आई शेतात जाती."

"बरं. असंल," त्या म्हणाल्या. आणि परत हसल्या.

मी रांगेत मागं जाऊन उभी राहिले. त्यानंतर प्रत्येक हालचाल मुद्दाम चुकवली. कंबर ताठ धरली. हात वाकडे टाकले. मॅडम म्हणाल्या, "मघाशी तर छान करत होतीस." मी खाली बघितलं. स्वतःच्या अंगाला मी त्या दिवशी खोटं बोलायला लावलं.

आई आठवत होती. तिच्या दोन्ही घोट्यांना चाळ बांधून बांधून काळे घट्टे पडलेत. मी युसूफ वडगावला मामाकडं शिकायला होते. आई महिन्यातून एकदा यायची. डोक्यावरून पदर घेऊन, मागच्या दारानं. शाळेत कधी आली नाही. एकदा गुरुजी भर वर्गात म्हणाले होते, "गॅदरिंगला हिला घ्या. हिला काय शिकवावं लागतंय?" पोरं बाकं वाजवत होती. मी तेव्हा नववीत. आज नर्स झाले, तरी वाक्य तेच. फक्त बोलणारं तोंड बदललं.

जेवायला बसलो तर एक भारी साडीतली बाई शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "खरंच का गं? तिथं बाप्ये कसे वागतेत? आमचे हे जातेत म्हणं. मला कळू देत न्हाईत." तिला माझ्याकडून नवऱ्याची बातमी पायजे होती. शबाना म्हणाली, "जेवू द्या तिला." ती उठून गेली.

चार वाजता फोटोग्राफर आला. सगळ्या बाया ओढण्या सावरत रांगेत उभ्या राहिल्या. सुनीता माझ्याजवळ आली. वर न बघता म्हणाली, "वहिनी म्हणत्यात, तू जरा बाजूला थांब. फोटो त्यांच्या साहेबांच्या फेसबुक पेजवर जाणार हाय. लोक उगं काय बी लिहितेत."

"कावून? आई तर शेतात जाती म्हणलं की मी."

"मग तुला काय फरक पडतो? एक फोटोच तर हाय."

निरोप वहिनीसाहेबांचा होता. आणला माझ्या मैत्रिणीनं. तेव्हा कळलं, आईला नाकारूनही मला रांगेत जागा मिळणार नव्हती. मी तिला फुकट विकलं होतं.

मी गेले आणि रांगेच्या मधोमध उभी राहिले.

"वहिनी, सकाळी मी खोटं बोलले. माझी आई कलाकेंद्रात नाचायची. वीस वर्षं नाचली. तिनं नाचून मला नर्स केलं. तुमी आज दिवसभर कंबर हलवली, त्याला व्यायाम म्हणताव. तिनं हलवली त्याला धंदा म्हणताव. आन् तिच्यासमोर पहिल्या रांगेत कोण बसायचं, ते तुमच्या घरी इचारा."

"जीभ सांभाळ. कुणाशी बोलतीस कळतंय का?"

"कळतंय. म्हणूनच बोलतेय."

बाया एकेक करून सरकल्या. सुनीता पण सरकली. माझ्याजवळ फक्त शबाना राहिली. फोटोग्राफर कॅमेरा धरून वहिनींच्या तोंडाकडं बघत उभा. फोटो निघाला नाही. मी ओढणी सोडली, खुर्चीवर ठेवली, चप्पल घातली.

सोमवारी दवाखान्यात गेले, तर डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. "वहिनींचा फोन आला होता. माफी मागून टाक, विषय संपव." मी नाही म्हणाले. त्याच दिवशी मला बाळंतपणाच्या वॉर्डातून काढून स्टोअरला टाकलं. सहा वर्षं मी बाळंतिणी सांभाळल्या. आता गोळ्यांचे खोके लावते. सुनीता डबा दुसऱ्या टेबलावर खाते.

आईला सांगितलं. वाटलं होतं, जवळ घेईल. ती भडकली. "कावून सांगितलंस? जन्म घातला मी ते झाकण्यात. तुझं लग्न कसं व्हायचं?" पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. झाकणं हेच तिचं शस्त्र होतं. माझं ते नाही.

दवाखान्यानं माफीचा कागद टाईप करून ठेवलाय. "माझ्या वर्तनाबद्दल मी दिलगीर आहे." खाली माझं नाव, सहीला रेघ. दर आठवड्याला क्लार्क तो समोर ठेवतो. म्हणतो, सही करा, उद्यापासून वॉर्ड तुमचा.

मी वाचते आणि परत देते. सही करणार नाही. नोकरी गेली तरी नाही. आईनं हात जोडले तरी नाही.