जास्वंदीतून आलेला आवाज

लोक सोनं-नाणं सांभाळायला घराबाहेर कॅमेरा बसवतात. मी तो जास्वंदीच्या सात फुलांसाठी बसवला.

सातच, कारण आमच्या झाडाला रोज साधारण तेवढीच येतात. पनवेलला खांदा कॉलनीत आमचं बैठं घर, पुढे चार पावलांचं अंगण आणि कोपऱ्यात कुंपणाला टेकून ही लाल जास्वंद. लावली मी, पाणी घातलं मी, मावा पडला तेव्हा रविवारची झोप सोडून एकेक पान साबणाच्या पाण्याने पुसलं तेही मीच. (स्वतःचा चष्मा मी इतक्या मायेने कधी पुसलेला नाही!) आणि फुलं? ती सकाळी साडेसहाच्या आत कॉलनीतल्या कुठल्या तरी भलत्याच गणपतीच्या डोक्यावर! आमचा गणपती बिचारा दूर्वांवर दिवस काढायचा.

सकाळी फिरायला निघणाऱ्या मंडळींचा कायदाच वेगळा असतो. देवासाठी तोडलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत. त्यासाठी मालकाला विचारायचं नसतं. फांदी कुंपणाबाहेर आली की ती सगळ्यांची, आणि ती आपणहून बाहेर आली नसेल, तर छत्रीच्या दांड्याने तिला बाहेर आणायचं!

"अहो, जाऊ द्या ना. शेवटी देवालाच जातात," माझी बायको वंदना म्हणायची.

"झाड आपलं आणि पुण्य त्यांना?"

"तुम्ही कधी पूजेला बसता तरी का?"

हा मुद्दा गैरलागू होता. मी ऑनलाइन कॅमेरा मागवला.

कॅमेरा कसला, चमत्कार होता! वायर नाही, काही नाही. घरातल्या वायफायवर चालायचा, अंधारात बघायचा, दिसेल त्याचा व्हिडिओ करून ठेवायचा, मान फिरवायचा, आणि समोर कोणी आलं की माझ्या मोबाईलमधून एक बाई गंभीर आवाजात सांगायची, "मानव आढळला!" सगळ्यात भारी म्हणजे, मोबाईलवरचं एक बटण दाबून धरलं की मी कुठूनही बोललेलं कॅमेऱ्यातून ऐकू यायचं. चोराला दिसू नये म्हणून मी तो वंदनाच्या जुन्या साडीच्या पट्टीने झाडाच्या आतच बांधला. सहा गाठी मारल्या.

पहिल्या आठवड्यात दूधवाला, पेपरवाला, एक बोका आणि अंगणात उभा राहून पाठ खाजवणारा मी, एवढे मानव आढळले. चोर काही येईना. मग एवढं महागाचं यंत्र रिकामं ठेवायचं कशाला? मी तळोजाला कारखान्यात बसून घरावर लक्ष ठेवायला लागलो. एकदा वंदना कपडे वाळत घालत होती. मी बटण दाबलं आणि म्हणालो, "वंदना, मागचा नळ चालू राहिलाय का बघ."

बादली तिच्या पायावर पडली.

"झाडातून नवऱ्याचा आवाज यायला लागल्यावर बाईमाणसाने राहायचं तरी कुठे?" असं ती संध्याकाळी विचारत होती. मला तर उलट वाटलं, की आता कुठे माझा या यंत्रावर हात बसतोय.

त्यानंतरचा शुक्रवार. सव्वासहाची वेळ, मी कंपनीच्या बसमध्ये. मोबाईलमधली बाई बोलली, "मानव आढळला!" बघतो तर काय, कुंपणापाशी साठीच्या एक बाई. अंगावर साडी, पायात पांढरे बूट, हातात छत्री! छत्रीच्या मुठीत माझी फांदी, आणि कमरेच्या पिशवीत माझी फुलं! माझं रक्तच उसळलं. मी बटण दाबून धरलं आणि भर बसमध्ये ओरडलो,

"ए बाई! ठेव ती फुलं खाली! लाज नाही वाटत? या वयात चोऱ्या करता? घरात पोरंबाळं असतील ना? काय संस्कार केले असतील त्यांच्यावर!"

माझ्या शेजारच्या माणसाने हातातला डबा मुकाट्याने मांडीखाली सरकवला.

त्या बाई मात्र पळाल्या नाहीत. त्यांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, मग पानं बाजूला केली आणि थेट कॅमेऱ्याला डोळा लावला. माझ्या मोबाईलभर नुसता एक डोळा! त्या काहीतरी बोलल्या. बरंच बोलल्या. पण मी संतापाने बटण दाबूनच धरलं होतं, आणि ते दाबलेलं असलं की पलीकडचा आवाज ना इकडे येतो, ना व्हिडिओत उतरतो, त्यामुळे मला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. मग त्यांनी उरलेली दोन फुलंही तोडली आणि जशा आल्या तशा निवांत चालत गेल्या.

मी इथे थांबलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण पुरावा हातात असताना माणूस थांबतो का? मी तो व्हिडिओ कॉलनीच्या सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. (मी फिरायला जात नाही, पण ग्रुपवर आहे.) वर लिहिलं, 'कॉलनीतली फुलचोर! ओळखणाऱ्यास माझ्याकडून वडापाव.' तासाभरात पन्नास-साठ जणांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. एकाने लिहिलं, 'सावंतसाहेब, आवाज काय खणखणीत आलाय!' दिवसभर मी कारखान्यात जमिनीपासून चार बोटं वरून चालत होतो.

आता इथे माझ्या मुलीबद्दल सांगायला हवं. ऋता खारघरला कॉलेजात शिकवते. तिथेच शिकवणारा निनाद आणि ती, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. मुलगा सोन्यासारखा, इथल्याच गावातला, आगरी. अडत होतं ते त्याच्या आईपाशी. यमुनाबाईंना सून आपल्यातली हवी होती. दोन वर्षं त्या नाही म्हणत होत्या, आणि आता कुठे "एकदा त्यांचं घर तरी बगून येते" इथवर आल्या होत्या. रविवारी सकाळी दहाला त्या नवऱ्याला आणि मुलाला घेऊन आमच्याकडे येणार होत्या. ऋता आठवडाभर घर पुसत होती.

शनिवारी संध्याकाळी चहा घेताना ती म्हणाली, "बाबा, उद्या ओळखायला बरं, हा बघा निनादच्या आईबाबांचा फोटो."

मी फोटो बघितला. चहा माझ्या नाकात गेला.

"या... या सकाळी फिरायला जातात का गं?"

"हो. शुगर आहे ना त्यांना."

"पांढरे बूट घालून? छत्री घेऊन?"

"बाबा, तुम्हाला कसं माहीत?"

मी थेट बाथरूममध्ये गेलो, कडी लावली आणि ग्रुपवरचा तो व्हिडिओ पुसून टाकला. मोबाईलने काहीतरी विचारलं, मी घाईघाईत पहिलं दिसलं ते दाबलं. व्हिडिओ गेला! मी तोंड धुतलं आणि शीळ घालत बाहेर आलो.

बाहेर वंदना तिच्या मोबाईलवर बोट ठेवून बसली होती. "अहो, तुमचा तो फुलचोराचा व्हिडिओ हिला दाखवत होते. किती जणांनी बघितलाय बघा!"

"तो तर मी आत्ताच पुसला!"

ऋताने माझा मोबाईल घेतला, बघितला आणि डोळे मिटले. "बाबा, तुम्ही तो फक्त स्वतःच्या मोबाईलवरून पुसलाय. आता तो सगळ्या कॉलनीला दिसतोय, फक्त तुम्हाला दिसत नाही."

मी ग्रुपच्या ॲडमिनला फोन लावला. "काढायचा?" ते चकित झाले. "अहो, एवढा चोख पुरावा! मी तर तो सगळ्यात वर लावून ठेवलाय. लोकांनी पुढे पाठवलाय. माझ्या मेव्हण्याला उरणला आला!" विनवण्या करून मी तो काढायला लावला. पण तोवर पोचायचा तिथे तो पोचलाच असणार, हे मला कळत होतं. यमुनाबाईंचे पती बाळारामशेठ त्याच ग्रुपवर होते. नुसते होते असं नाही, टाळ्यांचं एक चित्र त्यांचंही होतं! (बिचाऱ्यांनी चष्मा लावला नव्हता, हे पुढे कळलं.)

ऋता ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "दोन वर्षं लागली बाबा, त्यांना इथवर आणायला." आणि खोलीत गेली. मला फार वाईट वाटलं. खरंच सांगतो, त्या क्षणी कोणी मागितली असती तर मी जास्वंद मुळासकट देऊन टाकली असती.

रविवारी सकाळी मी आधी कॅमेरा काढायला गेलो. पण गाठी सहा, आणि त्याही मीच मारलेल्या! सुटता सुटेनात. कात्री आणायला वळतो तर कोपऱ्यावर त्यांची गाडी. मी दोरीवरची डबल बेडची चादर ओढली आणि अख्ख्या झाडावर टाकली.

यमुनाबाई उतरल्या. पैठणी, नाकात नथ, आणि पायात तेच पांढरे बूट! त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग झाडाकडे बघितलं. पनवेलचं ऊन असं की चपलेतून चटका बसत होता.

"झाडाला थंडी वाजते काय?" त्यांनी विचारलं.

आणि माझ्या लक्षात आलं, की व्हिडिओत मी दिसत नाही, फक्त ऐकू येतो. म्हणजे आवाज बदलला तर वाचलो! (व्हिडिओ माझ्याच नावाने टाकलेला होता, हे त्या घाईत मला आठवलंच नाही.) मी बारीक, नाजूक आवाजात म्हणालो, "या, या. बसा."

"काका, घसा बसलाय का?" निनादने काळजीने विचारलं.

"हो रे बाळा," मी आणखी बारीक आवाजात म्हणालो. वंदनाने माझ्याकडे असं बघितलं, जणू हा माणूस तिच्या ओळखीचाच नाही.

पोहे आले. यमुनाबाई शांतपणे खात होत्या. बाळारामशेठ पाय मोकळे करायला अंगणात गेले, आणि त्यांनी कुतूहलाने चादरीचं टोक उचललं असावं. कारण माझ्या खिशातली बाई एकदम गरजली, "मानव आढळला! मानव आढळला!"

यमुनाबाईंनी बशी खाली ठेवली.

"त्या दिवशी आवाज कसा खणखणीत होता. आज काय झालं?"

मी माझ्या मूळ आवाजावर आलो. दुसरा उपायच नव्हता. "ताई, चुकलं माझं. मी... मला माहीत नव्हतं तुम्ही कोण आहात ते."

"म्हनजे दुसरी कोनी असती तर चाललं असतं?"

मी मान खाली घातली.

"आमच्या दारातली जास्वंद रस्ता रुंद केला त्यात गेली," त्या म्हणाल्या. "म्हनून तुमची नेत होते. देवाला नेत होते, इकायला नाय. आनि ऐका सावंत. तुमचं झाड जिथं उभं हाय ना, तिथं माझ्या सासऱ्यांची भातशेती होती, ती या कॉलनीसाठी गेली. नवी सून म्हनून आले तेव्हा इथंच लावनी केलीय मी, जिथं तुमचा सोफा हाय तिथं. आमी कधी तुमचा व्हिडिओ काढला काय? 'आमच्या शेतात बसून चहा पिनारा मानूस, ओळखा आनि वडापाव घ्या' म्हनून?"

मी सोफ्यावरून नकळत थोडा पुढे सरकलो.

"मी त्या दिवशी कॅमेऱ्यात काय बोलली, ते ऐकलं काय तुमी?"

"नाही हो. ऐकू नाही आलं."

"बरं झालं," यमुनाबाई म्हणाल्या. निनादने छताकडे बघितलं.

"व्हिडिओ बगितला तेव्हाच मी ठरवलं होतं, या घरातली पोरगी नको," त्या पुढे म्हणाल्या. ऋता चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. "पन काल संध्याकाळी हिचा फोन आला. सगळं खरं सांगितलं, काय लपवलं नाय. बापाच्या वतीनं माफी मागितली. रडली पन. तुमी केला काय फोन?"

"नाही," मी म्हणालो. "मी झाडावर चादर घातली."

पहिल्यांदाच त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मग त्या सरसावून बसल्या.

"पोरगी मला आवडली. पन एकच इचारायचं हाय, आनि खरं सांगा. पोरगी गेलीय कोनावर?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. पंचवीस वर्षं मी गावभर सांगत आलो होतो, की ऋता माझ्यावर गेलीय. गणित माझं, नाक माझं, हस्ताक्षरही माझंच. वंदनाने हरकत घेतली तर मी माझे लहानपणीचे फोटो काढून दाखवायचो.

"आईवर!" मी ओरडलो. (आवाज पुन्हा खणखणीत झाला होता.) "पूर्ण आईवर! नाक, डोळे, डोकं, सगळं! माझं तिच्यात काही म्हणजे काही आलेलं नाही!"

"लिहून देता?"

"आत्ता देतो!"

त्यांना ते थट्टेत म्हणायचं असेल असं मला वाटलं होतं. पण पुढच्या महिन्यात दोन्ही घरची माणसं याद्या करायला बसली, तेव्हा मानपानाच्याही आधी पहिलं कलम तेच लिहिलं गेलं: 'मुलगी सर्वस्वी आईवर गेलेली आहे.' आणि त्याच्याखाली, मुलीचा बाप म्हणून, माझी सही आहे.